हद्दीवरचे सेनापती

१८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे यांच्यासमवेत सत्याग्रहींची तुकडी पोर्तुगीजांच्या परवान्यावाचून गोव्यात शिरली, तेव्हा तिच्यात पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचे सेनापती बापट होते. सिंधुदुर्ग आणि गोव्यातील घरांच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या. मधल्या हद्दीने मात्र मामाचे गाव परमुलुख ठरविले होते. ती हद्द नि:शस्त्र चालत ओलांडायची, एवढाच तो सत्याग्रह. पोर्तुगीज पोलिसांनी सत्याग्रहींना बेदम मारले. गोरे यांना दहा वर्षांची शिक्षा झाली आणि १९५७ पर्यंत ते तुरुंगात राहिले.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरचा. शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकण्यास गेलेला हा तरुण पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून परतला. पण लोकांनी त्यांना सेनापती म्हटले ते बॉम्बमुळे नव्हे. १९२१ पासून टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचे शेतकरी लढले, त्या लढ्याने ही पदवी दिली. धरण व्हायचे ते झालेच. मात्र जमिनीवर राहणाऱ्याला न विचारता तिचा निर्णय कोणी करावा, हा मुळशीतला प्रश्न बापटांनी पुढे कधी सोडला नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेले. येथे गोव्यासारखी वाट अडविणारे कोणी नव्हते. अडत होते ते कचेरीत आणि शाळेत, कारभाराच्या भाषेपाशी. शिवाय गाऱ्हाणे आता परक्या सत्तेकडे नव्हते. दिल्लीत आणि मुंबईत आपलेच सरकार होते, आणि बापटांसारख्या माणसाला हेच अधिक जड गेले असावे.

१९६६ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी सीमाप्रश्नासाठी उपोषण मांडले. त्या वर्षी २५ ऑक्टोबरला केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा आयोग नेमला. काश्मीरच्या विलीनीकरणाच्या वेळी हेच महाजन तेथील पंतप्रधान होते. वादग्रस्त प्रदेश त्यांना नवा नव्हता. उपोषणाने आयोग मिळाला, निवाडा त्याच्या हाती राहिला. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली होती. ऑगस्ट १९६७ च्या अहवालाने २६४ दिली, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले आणि २४७ गावे उलट तिकडे देण्याची शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १९६७ रोजी, सेनापती निवर्तले. गोवा सहा वर्षांपूर्वीच मुक्त झाला होता. बेळगावचा दावा महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेला, तो २००४ साली.