ठेकेदार जोतीराव आणि जुन्नरचा शेतकरी

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्राची एक बाजू शाळा आणि सत्यशोधक समाजाच्या तेजापुढे झाकोळून गेली आहे. जोतीराव पेशाने व्यावसायिक होते. त्यांचा जन्म 1827 चा. फुलांच्या धंद्यामुळेच घराण्याला फुले हे आडनाव मिळाले. 1863 च्या सुमारास त्यांनी धातू ओतण्याचे साहित्य पुरविण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे पुण्याजवळील धरणासाठी बांधकामाचे साहित्य पुरविण्याचा ठेका घेतला, मांजरीला शेती केली. कोणाच्याही चाकरीत न राहता परखड बोलण्याची मोकळीक त्यांना या कमाईनेच दिली. ठेकेदारीत सरकारी बांधकाम खाते जवळून दिसले. तेथील कामगारांच्या लबाडीवर त्यांनी पद्यही रचले!

लहान धंदेवाल्याचे खरे दुखणे मात्र भांडवलाचे. शेतकऱ्याचेही तेच. 1875 मध्ये सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. त्यानंतरच्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर तालुक्यातील ओतूरला होत्या. एप्रिल 1877 मध्ये तेथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी दुष्काळाने गांजलेल्या माणसांची आणि सावकारांच्या जुलमाची हकीकत कळविली. घोड आणि कुकडीच्या खोऱ्यांतील रयतेचे हाल असे थेट जोतीरावांच्या घरात पोचले.

1883 मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पूर्ण केला. त्यात कर्ज, कोर्टकचेऱ्या आणि नोकरशाही यांची झडती आहेच. पण विलायती यंत्रांच्या मालाने साळी, कोष्टी यांसारख्या कारागिरांचा धंदा कसा बसला, हेही आहे. जुन्नर स्वतः हातकागदासाठी नावाजलेले गाव. शेतकऱ्याचे आणि कारागिराचे दुःख वेगळे नाही, हे व्यापारी जोतीरावांना पुस्तकी पंडितांपेक्षा लवकर उमगले असावे.

त्याच दशकात जुन्नर भागातील कुळांनी सावकार-जमीनदारांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. जमिनी पडून राहिल्या. सत्यशोधक मंडळी आणि जोतीराव कुळांच्या पाठीशी राहिले.

1888 मध्ये मुंबईत त्यांना महात्मा ही पदवी अर्पण झाली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. ते डाव्या हाताने लिहू लागले. हाती पैसाही उरला नव्हता. अखेर 1890 मध्ये मामा परमानंदांना बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी मदत मागावी लागली. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीराव गेले.