सहा डिसेंबरला तुम्ही कुठे होता?

आमच्या समाजात एक प्रश्न असा आहे की तो विचारला की अंथरुणाला खिळलेला म्हातारासुद्धा उठून बसतो. बाबासाहेब गेले तेव्हा तुम्ही कुठे होता? सकाळी काय खाल्ले ते त्याला आठवत नाही, नातवंडांची नावे उलटीसुलटी होतात, पण ६ डिसेंबर १९५६ हा दिवस तो घड्याळ लावल्यासारखा सांगतो.

आमची आजी, म्हणजे आईची आई, त्या दिवशी विदर्भात परक्याच्या वावरात कापूस वेचत होती. ५३ दिवसांपूर्वी ती नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन आली होती. पांढरे लुगडे उसने आणून नेले होते, ते परतही केले नव्हते. तालुक्याहून सायकलवर आलेल्या शाळामास्तराने बांधावरूनच बातमी सांगितली. बाया होत्या तिथेच खाली बसल्या. ओटीतला कापूस ओटीतच राहिला. मालकाने सगळ्यांची त्या दिवसाची मजुरी कापली, हे आजी शेवटपर्यंत विसरली नाही.

आमचे आजोबा मुंबईत गिरणीत होते, नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचे. दुपारी साचेखात्यात कुजबुज झाली आणि माणसे साचे सोडून बाहेर पडली. त्या रात्री चाळीत चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेची हकिकत आजोबा असे सांगत की, फुलांनी झाकलेला ट्रक त्यांच्या अंगावरून गेला आणि त्यांनी बाबासाहेबांचा चेहरा हातभर अंतरावरून पाहिला. त्यांचे धाकटे भाऊ मात्र आम्हाला बाजूला घेऊन सांगायचे की आम्ही दोघे एल्फिन्स्टनच्या पुलापाशीच अडकलो होतो, माणसांच्या डोक्यांशिवाय काही दिसले नाही. आम्ही वकिली करतो. दोन साक्षीदार, एकच ठिकाण, जबान्या वेगळ्या. कोर्टात असे झाले असते तर आम्ही आजोबांना उलटतपासणीत अर्ध्या तासात खोटे पाडले असते. घरात ते धाडस कधी झाले नाही, आणि आता दोघेही नाहीत.

हा प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो, पण बाबासाहेबांच्या आयुष्यालाच विचारून पाहा. जवळची माणसे गेली तेव्हा ते स्वतः कुठे होते?

१८९१ साली महूला जन्म. आई भीमाबाई गेल्या तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे पोर होते. सुभेदार रामजींनी मुलाला शिकवण्यासाठी हाडाची काडे केली. १९१३ च्या जानेवारीत मुलगा बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाला, आणि काही दिवसांतच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईची गाडी धरली. सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते खाली उतरले आणि गाडी सुटून गेली. पुढची गाडी मिळेपर्यंत वेळ गेला. घरी पोहोचले तेव्हा सुभेदारांच्या डोळ्यांत प्राण होता. लेकाच्या पाठीवरून हात फिरला आणि तो हात थांबला. तारीख होती २ फेब्रुवारी १९१३. मिठाईच्या एका पुड्यापायी बापाचे अखेरचे कितीतरी तास हुकले. त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. आता बाप पाठवायला नव्हता, महाराज सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती.

१९२६ च्या जुलैमध्ये राजरत्न गेला. रमाई आणि बाबासाहेबांची तीन मुले आणि एक मुलगी अशी चार लेकरे गेली, उरले फक्त यशवंत. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत हे सारे घडले. घरात औषधाला पैसा नाही आणि घरधनी मात्र समाजाच्या पायी जगाशी झगडतो आहे, असा तो संसार होता. यावर आमच्या वस्त्यांतून पोवाडे आणि गाणी इतकी झाली की आम्ही वेगळे काय लिहावे!

नोव्हेंबर १९२७. अमरावतीला वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद चालू होती, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न समोर होता आणि अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. तिथेच थोरले बंधू बाळाराम मुंबईत वारल्याची बातमी आली. वडिलांच्या वेळी निदान सुरतेपासून धावता आले होते, इथे तेही नव्हते. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृती जळाली. मधल्या त्या सहा आठवड्यांत या माणसाच्या घरी सुतक होते, हे महाडचा इतिहास सांगणारे किती वक्ते सांगतात?

२७ मे १९३५ ला रमाई गेल्या. त्या वेळी मात्र बाबासाहेब दादरच्या राजगृहात त्यांच्याजवळ होते. हे एवढेच त्या दोघांच्या वाट्याला आले. नंतर कित्येक दिवस ते खोलीत एकटे बसून राहिले. जूनमध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले आणि १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. दुःख झाले की आपण रजा टाकतो. या माणसाने प्रत्येक मरणानंतर आधीपेक्षा मोठे काम अंगावर घेतले. हे कौतुकाने लिहीत आहोत असे कोणी समजू नये. शरीर त्याची वसुली करत होते, आणि पुढे त्याने ती पुरेपूर केली.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला तेव्हा बाबासाहेब दिल्लीत कायदेमंत्री होते. पुणे करारापासूनचे सारे वैर बाजूला ठेवून ते अंत्ययात्रेत काही अंतर चालले. त्या दिवशी कोण कुठे होते याच्या आठवणींनी या देशाची पुस्तके भरली आहेत, आणि भरावीत. पण ज्याने या देशाला घटना दिली तो गेला, ती आपत्ती कोणाची होती? ६ डिसेंबर १९५६ ला पंडित नेहरू अलीपूर रोडच्या बंगल्यावर आले, संसदेत श्रद्धांजली वाहिली गेली. कागदोपत्री सारे राष्ट्राला शोभेसे झाले. आठवण मात्र गिरणीतल्या, वावरातल्या, बोर्डिंगातल्या माणसांवर सोपवली गेली. बिगरदलित घरातल्या सत्तरी-ऐंशीच्या माणसाला आम्ही हा प्रश्न विचारून पाहिला आहे. तो आठवण्याचा प्रयत्न करतो. आमच्या माणसाला प्रयत्न करावा लागत नाही.

त्या शेवटच्या वर्षाची धावपळ आज वाचली तरी छाती दडपते. मधुमेह, सांधेदुखी, रक्तदाब. आधाराशिवाय चालवत नव्हते. तरी १४ ऑक्टोबरला नागपूर, १६ ला चांदा, नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, परतताना सारनाथ आणि कुशिनारा. १६ डिसेंबरला मुंबईत दीक्षेचा सोहळा ठरला होता. ५ डिसेंबरच्या रात्री बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद आणि नव्या रिपब्लिकन पक्षासंबंधी आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे त्यांनी जवळ मागून घेतली. नानकचंद रत्तू, म्हणजे वर्षानुवर्षे त्यांचे टंकलेखन करणारा तो निष्ठावंत माणूस, रात्री उशिरा आपल्या घरी गेला. सकाळी त्याला बोलावणे आले.

विमानाने पार्थिव मुंबईला आले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ७ डिसेंबरला दुपारी राजगृहातून यात्रा निघाली. व्हिन्सेंट रोडने, म्हणजे आज ज्याला त्यांचेच नाव आहे त्या रस्त्याने, परळ-पोयबावडीकडे गेली. बीआयटी चाळीतल्या ज्या दोन खोल्यांत त्यांनी वीसहून अधिक वर्षे काढली त्या याच भागात. पाच लाखांच्या आसपास माणसे होती. दादरच्या चौपाटीवर भदंत आनंद कौसल्यायन यांनी बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार केले, आणि चितेच्या साक्षीने लाखावर लोकांनी तिथेच दीक्षा घेतली. १६ तारखेचा सोहळा असा नऊ दिवस आधी झाला. आमच्या आजोबांनी दीक्षा तिथेच घेतली, याबद्दल त्यांच्या भावाचेही दुमत नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. काही वाचकांना ती रुचणार नाही.

लाखो लोक सांगतात की आम्ही दादरला होतो, आम्ही गिरणीत होतो, आम्ही वावरात होतो. पण त्या रात्री २६ अलीपूर रोडच्या घरात कोण होते? माईसाहेब होत्या. १५ एप्रिल १९४८ ला बाबासाहेबांनी ज्यांच्याशी लग्न केले त्या डॉक्टर सविता आंबेडकर. इन्सुलिन, पथ्य, रात्रीची जागरणे हे सारे ज्यांनी साडेआठ वर्षे पाहिले त्या. पहाटेनंतर खोलीत जाऊन ज्यांनी ते सर्वांत आधी पाहिले, त्याही त्याच. सहा डिसेंबरला तुम्ही कुठे होता, या प्रश्नाला त्यांच्याइतके खरे उत्तर कोणाकडे असणार? आणि आपण त्यांना हा प्रश्न विचारला तो साक्षीदार म्हणून नव्हे, आरोपी म्हणून. जात ब्राह्मण, एवढा पुरावा आपल्याला पुरला. केंद्र सरकारची चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष आला. तरी चौकाचौकातले खटले थांबले नाहीत. सरकारी चौकशीवर विश्वास ठेवू नये असे म्हणणाऱ्यांचा हक्क आम्हाला मान्य आहे, आम्ही स्वतः रोज पोलिसांच्या कागदांवर अविश्वास दाखवूनच पोट भरतो. पण अविश्वासालाही काही आधार लागतो. ऐकीव गोष्ट साठ-सत्तर वर्षे सांगितली म्हणून तिचा पुरावा होत नाही, हे पुराव्याचा कायदा शिकलेला कोणताही पोरगा सांगेल. आणि जन्मावरून माणूस दोषी ठरवायचा नाही, हे तर आपण कोणाकडून शिकलो?

माईसाहेब बरीच वर्षे समाजापासून दूर राहिल्या. दलित पँथरच्या काळात काही तरुणांनी त्यांच्याशी पुन्हा नाते जोडले. १९९० साली बाबासाहेबांना भारतरत्न मिळाले ते त्यांनी स्वीकारले. त्याच वर्षी त्यांच्या सहवासाच्या आठवणींचे पुस्तक आले. त्या रात्रीची आणि त्या सकाळची त्यांची जबानी आज त्यात आहे. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात ते पुस्तक होते. आमच्या माहितीत ते कोणी नेत नसे.

२९ मे २००३ ला माईसाहेब मुंबईत वारल्या. आम्ही तेव्हा कायद्याच्या वर्गात होतो आणि परीक्षेसाठी मुंबईतच वसतिगृहावर थांबलो होतो. बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली. जायचे का, असे एकाने विचारलेही. उकाडा फार होता, दुसऱ्या दिवशी पेपर होता, आणि आमच्यापैकी कोणाला ते आपल्या घरातले मरण वाटले नाही. आम्ही पान उलटले आणि पुराव्याच्या कायद्याच्या टिपणांकडे वळलो.