पदवी नसलेला मार्गदर्शक

वन्यजीवशास्त्राच्या किंवा परिस्थितिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आज काही महिने वर्गाबाहेर काढावे लागतात. एखाद्या अभयारण्यात, संशोधन संस्थेत किंवा पाणथळीच्या काठी मुक्काम करायचा, रोजच्या नोंदी ठेवायच्या आणि त्यांवर प्रबंध लिहायचा, त्याशिवाय पदवी हाती पडत नाही. ही पद्धत आता इतकी रुळली आहे, की तिच्यामागे कोणाचे आयुष्य खर्ची पडले असेल, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. भारतात पक्ष्यांचा रानातला अभ्यास विद्यापीठाच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवणाऱ्या डॉ. सलीम अली यांच्यापाशी मात्र स्वतःची साधी बी. एस्सी.ही नव्हती. त्यांच्या नावामागचे ‘डॉक्टर’ हे बिरुद मानद होते आणि तेही वयाची साठी उलटल्यावर लाभलेले. विद्यापीठाने ज्याला पदवी दिली नाही, त्याच्याच हाताखाली विद्यापीठाचे विद्यार्थी पीएच.डी. झाले, हा या चरित्रातील सर्वांत बोलका विरोधाभास होय.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईतील एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तिसऱ्या वर्षी आईचेही छत्र हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी गिरगावाजवळच्या खेतवाडीतील आपल्या घरी या पोरक्या मुलांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यांनी दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने या मुलाने एकदा एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता आणि ती नेहमीच्या घरचिमणीसारखी दिसत नव्हती. मामांना तिचे नाव सांगता येईना. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले.

१८८३ साली स्थापन झालेली ही संस्था त्या काळी प्रामुख्याने गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची होती. तेथे जाताना या मुलाच्या मनावर दडपण आले असल्यास नवल नाही. मिलार्ड यांनी मात्र त्याचे अगत्याने स्वागत केले, ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि कपाटांचे खण उघडून पेंढा भरून जतन केलेले पक्षी एकामागून एक दाखवले. पुढे त्यांनी त्याला पक्ष्यांची कातडी सोलून जतन करण्याचे तंत्र शिकण्याची सोय करून दिली आणि संस्थेच्या ग्रंथालयातील पुस्तके वाचायला दिली. वर्गाच्या चार भिंतींबाहेर मिळालेला हा त्यांच्या आयुष्यातील पहिला धडा होता.

वर्गाच्या आतले धडे मात्र त्यांना कधीच फारसे मानवले नाहीत. प्रकृतीच्या तक्रारींमुळे शाळेत खंड पडला आणि १९१३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा जेमतेम उत्तीर्ण झाले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात नाव घातले खरे, पण पहिल्याच वर्षी गणिताने आणि अन्य विषयांनी त्यांना जेरीस आणले. शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातील टॅव्हॉय येथे गेले. तेथे थोरल्या भावाचा वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. हिशेबाच्या वह्यांपेक्षा भोवतालच्या घनदाट जंगलाकडेच या धाकट्या भागीदाराचे लक्ष अधिक असे.

१९१७ मध्ये ते मुंबईस परतले. आता व्यवसायाचे रीतसर शिक्षण घ्यावे, म्हणून त्यांनी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचे वर्ग धरले. याच सुमारास सेंट झेवियर्सचे फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला. ब्लाटर स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या आग्रहामुळे सकाळी दावर्समध्ये जमाखर्च आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र, असा दुहेरी अभ्यास सुरू झाला. प्राणिशास्त्राचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्णही केला. मात्र इतर विषयांसह द्यावयाची पदवी परीक्षा त्यात नव्हती. ज्ञान पदरी पडले, प्रमाणपत्र पडले नाही. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. काही काळ पुन्हा ब्रह्मदेशात काढल्यावर व्यवसाय डबघाईला आला आणि ते पत्नीसह मुंबईला परतले.

पदवी नसण्याची किंमत त्यांना तिशीच्या उंबरठ्यावर मोजावी लागली. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातील पक्षितज्ज्ञाच्या जागेची आशा विद्यापीठाच्या पदवीअभावी मावळली. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागासाठी मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार महिना ३५० रुपये. काचेच्या पेटीतील पक्ष्यांविषयी बोलताना आपले ज्ञान किती अपुरे आहे, याची टोचणी त्यांना लागली. दोन वर्षांनी त्यांनी अभ्यासासाठी रजा घेतली आणि १९२८ मध्ये जर्मनी गाठली.

बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात त्या वेळी एर्विन स्ट्रेझमान काम करीत होते. पक्षिशास्त्राला केवळ नावे आणि मोजमापे यांच्या चौकटीतून बाहेर काढून आधुनिक जीवशास्त्राच्या प्रवाहात आणणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. सलीम अली यांनी त्यांनाच गुरू मानले. ब्रह्मदेशातून गोळा होऊन आलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांचे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. येथे व्याख्यानांपेक्षा हाताने करावयाच्या कामाचे महत्त्व अधिक होते. नमुना उलगडायचा, तुलना करायची, शंका घ्यायची आणि मगच निष्कर्ष लिहायचा, ही शिस्त येथे अंगी बाणली. उत्तर समुद्रातील हेलिगोलंड बेटावर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना पकडून त्यांच्या पायांत क्रमांकाची कडी अडकवण्याचे तंत्रही त्यांनी पाहून घेतले. आज विद्यार्थी ज्याला प्रत्यक्ष कामातून घेतलेले प्रशिक्षण म्हणतात, ते सलीम अली यांच्या वाट्याला अशा रीतीने आले. त्याच्या शेवटीही पदवी नव्हतीच.

१९३० मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झाली होती. बर्लिनला जाऊन आलेला, विवाहित, चौतिशीकडे झुकलेला हा गृहस्थ बेकार होता. मुंबईतील खर्च परवडेना, म्हणून पतिपत्नी समुद्रापलीकडे अलिबागजवळच्या किहीम या गावी राहावयास गेली. पावसाळा सुरू होता आणि घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत घरटी विणण्यात गुंतली होती. हाती वेळच वेळ होता. सलीम अली तासन् तास ती घरटी न्याहाळू लागले.

सुगरणीच्या घरट्यांचे कौतुक आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होत आले आहे. पण घरटे विणतो तो नर, हे त्या कौतुकात बहुधा विसरले जाते. सलीम अली यांना त्यापुढचे दिसले. नर अर्धे घरटे विणून थांबतो. माद्या येऊन बांधकामाची पाहणी करतात. एखादीला घरटे पसंत पडले की ती त्याचा ताबा घेते आणि मग नर उरलेले काम पुरे करतो. ती अंडी उबवू लागली की हा गृहस्थ शेजारीच दुसरे घरटे सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. एकामागून एक जोड्या जमवण्याची ही रीत त्यांनी नोंदींच्या आधारे मांडली आणि सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांचे नाव पक्षिशास्त्राच्या जगात गेले ते या कामामुळे. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, नोकरीही नाही, अशा अवस्थेत एका कोकणी खेड्यात हे संशोधन पार पडले, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

नोकरी नाही तर नाही, असे म्हणून त्यांनी संस्थानिकांपुढे एक प्रस्ताव ठेवला. छावणीचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा, आपण पगाराशिवाय संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण करून देऊ. हैदराबादपासून प्रारंभ झाला. त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशी संस्थाने एकामागून एक पालथी घातली गेली. बैलगाडीच्या वाटा, तंबू आणि कंदिलाच्या उजेडात लिहिलेल्या नोंदी असा हा संसार होता. तेहमिना यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले होते. तरीही त्यांनी हे जिणे हसतमुखाने पत्करले आणि पतीच्या इंग्रजी लेखनावर हातही फिरवला. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा घाव सलीम अली यांना जन्मभर पुरला. त्यानंतर ते बहीण आणि मेहुण्यांच्या घरी राहिले आणि उरलेले आयुष्य त्यांनी पक्ष्यांना वाहिले. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ या पुस्तकाने सामान्य वाचकालाही पक्ष्यांची ओळख करून घेण्याची वाट दाखवली.

स्वातंत्र्यानंतर सोसायटीतील बहुतेक युरोपीय सभासद मायदेशी गेले आणि संस्था आर्थिक अडचणीत सापडली. सलीम अली यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून सरकारी साहाय्य मिळवले. पण संस्था केवळ पैशावर तगत नाही, तिला माणसे लागतात, हे त्यांना ठाऊक होते. त्या काळी आपल्या विद्यापीठांतील प्राणिशास्त्र म्हणजे बहुतांशी बेडूक आणि झुरळ यांचे विच्छेदन. जिवंत प्राण्याच्या मागे रानात जाणाऱ्याला पदवीच्या चौकटीत जागा नव्हती. मुंबई विद्यापीठाने सोसायटीला संशोधन केंद्र म्हणून मान्यता दिली आणि सलीम अली एम. एस्सी. व पीएच.डी.चे मार्गदर्शक झाले, तेव्हा ही कोंडी फुटली. त्यांचे पहिले विद्यार्थी विजयकुमार आंबेडकर. त्यांनी विषय घेतला तोही सुगरणीचाच. किहीमला बेकारीच्या दिवसांत सुरू झालेला अभ्यास आता रीतसर विद्यापीठीय प्रबंध झाला होता आणि त्या प्रबंधाची ऑक्सफर्डच्या डेव्हिड लॅक यांच्यासारख्या श्रेष्ठ पक्षितज्ज्ञाने प्रशंसा केली.

विद्यार्थ्यांना पोसायचे तर प्रकल्प हवेत. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये माकडांना आणि माणसांना ग्रासणाऱ्या तापाचा विषाणू आढळला. सायबेरियातील एका विषाणूशी त्याचे साधर्म्य होते. स्थलांतरित पक्ष्यांबरोबर तो आला असावा काय, या शंकेतून जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य मिळाले आणि पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची मोठी मोहीम उभी राहिली. हेलिगोलंडला पाहिलेले तंत्र तीस वर्षांनी भारतात या प्रमाणावर उपयोगी पडले. भरतपूरसारख्या ठिकाणच्या या छावण्या म्हणजे तरुण संशोधकांची कार्यशाळाच होती. पहाटे जाळी लावायची, पक्षी हलक्या हाताने सोडवायचा, मापे घ्यायची, कडी घालायची आणि उडवून द्यायचा. शिस्तीत कसूर झाली तर वृद्ध गुरूचा पारा चढत असे.

भरतपूरनेच या पद्धतीची खरी परीक्षाही घेतली. संस्थानिकांच्या बदकांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध असलेले केवलादेव घना वाचवण्यात सलीम अली यांचा मोठा वाटा होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८२ मध्ये तेथे गुरे चारण्यास बंदी आली. सलीम अली यांचा या बंदीला पाठिंबा होता. आसपासच्या गावकऱ्यांचा संताप उसळला, गोळीबार झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. त्याच सुमारास सोसायटीच्या संशोधकांनी तेथे दीर्घकाळ अभ्यास चालवला होता. त्यातून निघालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. म्हशी चरेनाशा झाल्यावर पाण्यात गवत माजले आणि अनेक पाणपक्ष्यांची जागा आकसली. संस्थेच्या सर्वांत ज्येष्ठ पुरुषाच्या मताविरुद्ध जाणारी ही नोंद त्याच संस्थेने प्रसिद्ध केली. या प्रकरणात गेलेले जीव परत येणारे नव्हते. निसर्गरक्षणाचे निर्णय नोंदींच्या आधी घेतले की किंमत कोण मोजतो, हा प्रश्न भरतपूरने कायमचा समोर ठेवला. तरीही अधिकारवाणीपेक्षा निरीक्षण मोठे, हा बर्लिनहून आणलेला संस्कार शिष्यांनी पाळला, हे नमूद करावयास हवे.

सलीम अली यांनी स्वतः संशोधनासाठी असंख्य पक्षी बंदुकीने टिपले होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. नमुन्यांशिवाय शास्त्र उभे राहत नाही, असे ते मानत. हेच गृहस्थ पुढे केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणापासून वाचावे म्हणून आग्रह धरतात, यात त्यांना विसंगती दिसत नव्हती. ज्याची नीट मोजदाद झाली नाही त्याचे रक्षणही नीट होत नाही, ही त्यांची धारणा होती. सिडनी डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. तो याच धारणेचे फळ होय.

मानसन्मान उशिरा आले, पण ओंजळ भरून आले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि अलीगढ विद्यापीठाची मानद डॉक्टरेट, पुढे दिल्ली व आंध्र विद्यापीठांच्या डॉक्टरेट, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभेचे सदस्यत्व. पॉल गेटी पारितोषिकाच्या रकमेतून त्यांनी निसर्गसंवर्धनासाठी निधी उभारला. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९९० मध्ये कोइमतूरजवळ त्यांच्या नावाने पक्षिशास्त्र आणि निसर्गविज्ञान केंद्र सुरू झाले. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्यालाही त्यांचेच नाव आहे.

पदवी हवी की अनुभव, असा वाद आजही पालक आणि विद्यार्थी यांच्यात रंगतो. सलीम अली यांच्या आयुष्याचा दाखला देऊन पदवीला निरर्थक ठरवणे सोपे आहे, पण ते त्यांच्यावरच अन्याय करणारे ठरेल. पदवी नसल्याने काय सोसावे लागते, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणूनच आपल्यामागून येणाऱ्या मुलांना रानातल्या कामाचीच पदवी मिळावी, यासाठी त्यांनी खटपट केली. त्यांनी विद्यापीठाकडे पाठ फिरवली नाही, विद्यापीठालाच किहीमच्या झाडाखाली आणून उभे केले.