शकुनज्ञ सिसेरो

प्राचीन रोममध्ये शकुन पाहिल्यावाचून महत्त्वाचे राजकार्य होत नसे. पक्ष्यांच्या उड्डाणावरून देवांची संमती जाणण्यासाठी शकुनज्ञांचे अधिकृत मंडळ होते. ग्रीक स्टोईक तत्त्ववेत्त्यांनी या समजुतीला तर्काचा आधार दिला होता: देव आहेत व त्यांना मानवाची काळजी आहे, तर ते भावी गोष्टींची चिन्हे देणारच. या विचाराचे खंडन केले ते त्याच मंडळाच्या एका सभासदाने.

मार्कस तुल्लियस सिसेरो याचा जन्म इ.स.पू. १०६ मध्ये आर्पिनम येथे झाला. वक्तृत्वाच्या बळावर तो इ.स.पू. ६३ मध्ये कॉन्सल झाला आणि दहा वर्षांनी शकुनज्ञ. इ.स.पू. ४५ मध्ये त्याची लाडकी कन्या तुल्लिया निवर्तली. सीझरच्या सत्तेपुढे राजकारणातही त्याला वाव उरला नव्हता. शोकाकुल सिसेरो तत्त्वचिंतनाकडे वळला.

इ.स.पू. ४४ मध्ये त्याने भविष्यकथनावरील संवादग्रंथ पुरा केला. त्यात त्याचा भाऊ क्विंटस शकुनांची बाजू मांडतो व सिसेरो ती खोडून काढतो. कॅनीच्या रणात एकाच दिवशी पडलेल्या सर्व सैनिकांचे जन्मनक्षत्र एकच होते काय, असे तो विचारतो. पाँपी, क्रॅसस व सीझर यांना ज्योतिष्यांनी वृद्धापकाळी, स्वगृही मरण सांगितले होते. तिघांचाही अंत शस्त्राने झाला, हे तो निदर्शनास आणतो. तरीही राज्याच्या हितासाठी शकुनांची प्रथा राखावी, असेच त्याचे मत होते. मनाने जे त्यागले, ते पद त्याने त्यागले नाही.

इ.स.पू. ४३ च्या ७ डिसेंबरला अँटनीच्या माणसांनी त्याचा वध केला.

सुमारे साडेचार शतकांनंतर, त्याच्याच एका ग्रंथामुळे तरुणपणी ज्ञानाची ओढ लागलेल्या संत ऑगस्टीनने त्याची उणीव दाखविली. मानवाचे स्वातंत्र्य राखण्यासाठी सिसेरोने भविष्याचे ज्ञानच नाकारले, देवाचेदेखील. ऑगस्टीनने दोन्ही गोष्टी स्वीकारल्या: देव सर्व आधीच जाणतो, आणि मनुष्य आपल्या इच्छेने वागतो.

अनुवादाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहण्यास मनाई आहे, आणि त्याच अध्यायात संदेष्टा पाठविण्याचे अभिवचनही आहे. सिसेरोला मनाई बुद्धीने उमगली. अभिवचन त्याला ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. तरीही मुलीच्या विवाहाची तारीख ठरविताना आपण गुपचूप पंचांग उघडत असू, तर आपणही मनाने एक मानतो आणि हाताने दुसरेच करतो.