पंतसचिवांच्या वाड्यात

भोरचा राजवाडा आपणां भोरकरणींना नवा नाही. नीरेच्या घाटावर जाताना तो दिसतो, आणि रामनवमीच्या जन्मोत्सवाला आपण सगळ्याच आत जाऊन येतो. परंतु उत्सवाच्या गर्दीत माणसेच दिसतात, वाडा दिसत नाही. म्हणून गेल्या मार्गशीर्षात आम्ही मंडळाच्या आठ-दहा जणी रीतसर परवानगी काढून एका निवांत दुपारी तो पाहावयास गेलो. माहिती सांगणारे कोणी बरोबर नव्हते. पाय नेतील तिकडे जावे, एवढाच बेत.

चौक, नक्षीचे लाकडी खांब, वर जाणारे जिने, सगळे सावकाश पाहिले. कोणाला इथे चित्रित झालेले सिनेमे आठवले, तर कोणाला एवढा वाडा झाडायला किती माणसे लागत असतील याची चिंता पडली! माझ्या मनात मात्र वेगळेच आले. हा वाडा १८६९ सालचा. ज्यांच्यामुळे पंतसचिवांचे घराणे या मुलखात नांदले, त्या शंकराजी नारायणांनी तो पाहिलाच नाही. त्यांना जाऊन तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे झाली होती.

शंकराजीपंतांचा काळ मोठा कठीण. १६८९ साली संभाजी महाराज मारले गेले, येसूबाई व बाळ शाहू मोगलांच्या कैदेत पडले आणि राजाराम महाराजांना दूर जिंजीस जावे लागले. मागे राज्य राखण्याचे काम ज्या थोड्या माणसांवर आले, त्यांत रामचंद्रपंत अमात्यांच्या बरोबरीने शंकराजीपंत होते. मोगलांनी घेतलेला राजगड १६९२ च्या सुमारास पुन्हा मिळाला, तो त्यांच्याच खटपटीने. वेल्ह्याकडचे डोंगर आणि मावळचे देशमुख त्यांना घरच्यासारखे ठाऊक होते. राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिले. सचिव म्हणजे राज्याचे हिशेब व कागदपत्रे तपासून त्यांवर मान्यता देणारा प्रधान.

१७०० साली राजाराम महाराज वारले. ताराबाईंनी आपल्या लहान मुलाला गादीवर बसवून राज्य चालविले आणि शंकराजीपंत त्यांच्याशी एकनिष्ठ राहिले. पुढे १७०७ साली औरंगजेब मरण पावला व शाहू महाराज सुटून आले. तेव्हा ताराबाईंनी प्रमुख मंडळींकडून दूधभातावर शपथा घेतल्या, असे बखरी सांगतात. खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहू महाराजांना मिळाले. मग शाहू महाराजांचे बोलावणे शंकराजीपंतांना आले. जावे तर शपथ मोडते, न जावे तर थोरल्या महाराजांच्या नातवाविरुद्ध शस्त्र धरावे लागते. यातून त्यांना वाट दिसली नाही. त्याच वर्षी आंबवड्यास त्यांनी आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली.

वाड्याच्या पायरीवर बसून मी हे सांगितले, तेव्हा आमच्यांत दोन तट पडले. एक तरुण भगिनी म्हणाली की, दिला शब्द पाळणारा माणूस तो हाच. आमच्यातल्या वडीलधाऱ्या काकूंना ते पटले नाही. शब्द राखला खरा, पण घरात मूल अजाण होते, त्याचे काय, असे त्यांनी विचारले. मला काही बोलवेना. माझे वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ पाळण्यात होता, आणि आईने ते दिवस कसे काढले ते मी पाहिले आहे.

त्या मुलाचे नाव नारो शंकर. शाहू महाराजांनी बापाचा राग मुलावर काढला नाही, सचिवपद त्याच्याकडेच ठेवले. पुढे १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत तो वंश भोरास नांदला. शिक्के-कट्यार मुलाच्या नावाने आली, पण त्याला वाढविणाऱ्या माऊलीच्या डोळ्याला किती रात्री डोळा लागला नसेल!

त्याच दिवशी उन्हे कलायच्या आत आम्ही आंबवड्यास गेलो. झुलत्या पुलावरून पलीकडे होऊन नागेश्वराचे दर्शन घेतले आणि पंतांच्या समाधीवर फुले वाहिली. काकूंनीही वाहिली. मग ओंजळीत राहिलेली दोन फुले त्यांनी समाधीच्या कडेला वेगळी ठेवली. ती कोणासाठी, हे आम्हां कोणालाच विचारावे लागले नाही.