अमीर अब्दुल कादिर : अल्जीरियाचा सेनानी, दमास्कसच्या ख्रिस्ती नागरिकांचा रक्षक

अल्जीरियाच्या राष्ट्रीय इतिहासात अमीर अब्दुल कादिर यांचे स्थान अग्रभागी आहे. फ्रान्सविरुद्ध १५ वर्षे लढलेल्या या धर्मनिष्ठ मुस्लिम सेनानीने पुढे हजारो ख्रिस्ती नागरिकांचे प्राण वाचविले.

१८०८ मध्ये पश्चिम अल्जीरियातील मस्कारा शहराजवळ त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कादिरी या सूफी पंथाचे तेथील प्रमुख होते. हा पंथ भारतातही परिचित आहे. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीयर्स घेतले. दोन वर्षांनी पश्चिमेकडील टोळ्यांनी २४ वर्षांच्या या विद्वान तरुणाची अमीर म्हणून निवड केली. युद्धकैद्यांचा छळ करण्यास त्यांनी मनाई केली होती. तथापि १८४६ मध्ये त्यांच्या अनुपस्थितीत छावणीतील फ्रेंच कैद्यांची कत्तल झाली. तिच्या जबाबदारीबाबत मतभेद असले, तरी चरित्रकारांना ती वगळता येत नाही.

पूर्वेकडील मुस्लिम प्रदेशात जाऊ देण्याच्या आश्वासनावर डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी शरणागती पत्करली. फ्रान्सने ते आश्वासन मोडून त्यांना १८५२ पर्यंत कैदेत ठेवले. बंदिवासात त्यांचे अनेक आप्त व सहकारी मरण पावले. सुटकेनंतर ते प्रथम तुर्कस्तानात आणि १८५५ पासून दमास्कसमध्ये राहिले.

जुलै १८६० मध्ये लेबनॉनच्या डोंगरातील द्रूझ-मारोनी संघर्षाचे लोण दमास्कसला पोहोचले. ख्रिस्ती वस्ती पेटविण्यात आली. तुर्की अधिकारी निष्क्रिय राहिले असताना अमीर आपल्या अल्जीरियन अनुयायांसह रस्त्यावर उतरले. त्यांनी कुटुंबांना, धर्मगुरूंना, परदेशी वकिलातींतील अधिकाऱ्यांना स्वतःच्या वाड्यात आणले. वाडा भरल्यावर शहराच्या किल्ल्यात हलविले. दाराशी आलेल्या जमावालाही त्यांनी परत फिरविले. हे औदार्य नसून शरियतने घातलेले बंधन आहे, अशी त्यांची धारणा होती. शस्त्र उचलताना त्यांनी ज्या धर्माचा आधार घेतला, त्याच धर्माचा आधार त्यांनी येथेही घेतला, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

फ्रान्सने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी पिस्तुले भेट पाठविली. कॉकेशसमध्ये रशियाशी लढलेले इमाम शामिल यांनीही पत्राद्वारे त्यांची प्रशंसा केली. अल्जीरिया मात्र १९६२ पर्यंत फ्रेंच अमलाखालीच राहिला.

१८८३ मध्ये दमास्कसमध्ये त्यांचे निधन झाले. सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी यांच्या समाधीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात त्यांचे अवशेष अल्जीयर्सला आणण्यात आले.