रॉबर्ट हिल

रॉबर्ट हिल (२ एप्रिल, १८९९ - १५ मार्च, १९९१) हे ब्रिटिश वनस्पती-जीवरसायनशास्त्रज्ञ होते. रॉबिन हिल या नावाने ते अधिक परिचित होते. पानातून वेगळी काढलेली हरितलवके प्रकाशात ऑक्सिजन बाहेर टाकतात, हे त्यांनी दाखवून दिले. ही प्रक्रिया 'हिल अभिक्रिया' या नावाने ओळखली जाते.

जीवन

हिल यांचा जन्म इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथे झाला. बीडेल्स शाळा व केंब्रिजचे इमॅन्युएल महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्याच्या विषारी वायुप्रतिबंधक विभागात काम केले. १९२२ मध्ये ते केंब्रिजच्या जीवरसायनशास्त्र विभागात दाखल झाले. त्यांना ओढ होती वनस्पतींच्या रंगांची. वाट्याला आला तो मात्र रक्तातील हिमोग्लोबिनचा अभ्यास. हे आडवळणच पुढे त्यांच्या कामी आले.

संशोधन

प्रकाशसंश्लेषणात बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येतो, असा त्या काळी प्रबळ समज होता. पेशी फुटली की ही क्रिया जवळजवळ थांबते, म्हणून तिचे घटक सुटे करून तपासणेही अवघड होते. हिल यांनी पाने वाटून हरितलवके वेगळी केली आणि अत्यल्प ऑक्सिजन ओळखण्यासाठी स्नायूंतील हिमोग्लोबिन वापरले. ऑक्सिजन जोडला गेला की या प्रथिनाचा वर्णपट बदलतो, आणि तो बदल वर्णपटदर्शकातून पाहता येतो. फेरिक ऑक्झलेट मिसळताच हरितलवकांनी प्रकाशात ऑक्सिजन सोडला. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडची गरज पडली नाही. हे निष्कर्ष १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑक्सिजनचा उगम पाण्यात आहे, या मताला त्यामुळे मोठे बळ मिळाले. तरीही सुट्या हरितलवकांकडून कार्बन डायऑक्साइडचे ग्रहण होत नसल्याने, याला खरे प्रकाशसंश्लेषण म्हणावे काय, ही शंका बरीच वर्षे राहिली. १९५४ मध्ये डॅनियल आर्नन यांच्या प्रयोगांनी ती दूर झाली.

हरितलवकाच्या आत नेमकी कोणती प्रथिने काम करतात, हा हिल यांचा पुढचा प्रश्न होता. डेव्हिड केलिन यांच्या सहवासात सायटोक्रोमांची ओळख त्यांना आधीच झाली होती; परंतु पानात हरितद्रव्याचा गडद रंग सायटोक्रोमांचे फिकट पट्टे झाकून टाकतो. या अडचणीवर मात करून त्यांनी स्कॅरिसब्रिक यांच्यासह १९५१ मध्ये सायटोक्रोम एफ या प्रथिनाचे वर्णन केले. नावातील 'एफ' हे अक्षर पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट यांच्यासह त्यांनी ते पार्सलीच्या पानांतून शुद्ध स्वरूपात मिळवले. सायटोक्रोम बी-६ची ओळखही याच प्रयत्नांतून पटली. हरितलवकांना मेटहिमोग्लोबिनचे क्षपण करण्यास मदत करणारा जो घटक त्यांच्या गटाला १९५२ मध्ये सापडला, तो पुढे फेरेडॉक्सिन हे प्रथिन असल्याचे स्पष्ट झाले.

एफ आणि बी-६ यांच्या विद्युत विभवांत मोठा फरक होता. त्याच्या आधारे हिल आणि फे बेंडॉल यांनी १९६० मध्ये असे मांडले, की प्रकाशाच्या दोन अभिक्रिया एकामागोमाग घडतात आणि हे सायटोक्रोम त्यांना जोडतात. इलेक्ट्रॉनांच्या प्रवासाची ही आकृती आज 'झेड आराखडा' म्हणून जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आढळते.

सन्मान व इतर

हिल १९४६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्यांना १९६३ मध्ये रॉयल पदक व १९८७ मध्ये, वयाच्या ८८ व्या वर्षी, कोप्ली पदक मिळाले. संपूर्ण आकाश एकाच छायाचित्रात टिपणारे भिंग त्यांनी ढगांच्या अभ्यासासाठी तयार केले होते. मंजिष्ठेच्या जातीची मॅडर ही वनस्पती ते स्वतः लावत, तिच्यापासून रंग काढत आणि त्या रंगांनी चित्रेही रंगवीत.